शिक्षकाचा नांगर

आमच्या परिचयाच्या एका घरी मागच्या सणाला मोठा वाद झाला. घरातील तरुण मुलाला कारखान्यातील नोकरी सोडून स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढावयाचे होते. वडील संतापून म्हणाले, "क्वियुत मिळालेली कायमची नोकरी कोणी सोडतो काय? धंदा हे आपल्या लोकांचे काम नव्हे." कोपऱ्यात बसलेली आजी हळूच म्हणाली, "मग बाबा, तुझे पणजोबा गावी घाणा चालवीत होते, ती काय नोकरी होती?"

आजीचे म्हणणे इतिहासास धरून आहे. कोकणातील गावोगावी आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणूनच त्यांस 'शनिवार तेली' हे नाव पडले. पुढे मुंबईस येऊन पलटण, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या यांत आपण मानाने स्थिरावलो. परंतु महिन्याच्या पगाराची सवय पिढ्यान्‌पिढ्या अशी मुरली की, धंदा आपल्या रक्तातच नाही, असे आपण मुलांना सांगू लागलो. या समजुतीला उत्तर म्हणून एका शिक्षकाची हकीकत येथे सांगावीशी वाटते. ते आपल्या समाजाचे नव्हते. पण त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ठाऊक आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते 1885 साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे असे आढळून आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला यापरते दुर्दैव कोणते? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि वडील बंधू रामूअण्णा त्या विकीत. एका भावाचा पगार चालू असतानाच दुसऱ्या भावाने दुकान सांभाळले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व बेळगाव गाठले. पाय टेकावयास जागा आधीच तयार होती.

तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर ती खोल कापून उलथून टाकतो आणि तणाची मुळे वर काढतो. कागदावर हा हिशेब निर्विवाद होता. तरीही लोखंडाने जमिनीला विष बाधते, असे म्हणून शेतकरी त्याकडे पाठ फिरवीत. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली!

आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेत होतो तेव्हा पाठाच्या टाचणात पहिला रकाना 'पूर्वज्ञान' हा असे. विद्यार्थ्याला आधीच काय ठाऊक आहे, हे जाणल्याशिवाय पाठ सुरू करू नये, असा दंडक होता. शेतकऱ्याचेही पूर्वज्ञान असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीने पोसले तिला तो एका अनोळखी वस्तूच्या स्वाधीन कसा करील? त्याचा नकार हा अडाणीपणा समजून हिणवणारा मनुष्य कारखानदार होऊ शकत नाही. त्या नकारात एक प्रश्न दडलेला असतो, आणि कल्पक माणूस त्या प्रश्नाचे उत्तर वस्तूतून देतो. बैलांना ओढ पेलेल काय? फाळ झिजला तर दुसरा मिळेल काय? नांगराची खरी रचना या प्रश्नांनी ठरते. फळ्यावरची आकृती ही केवळ तिची सुरुवात होय.

बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिले. कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडविले गेले. तलवारींचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण लहानपणापासून ऐकत आलो. दख्खनच्या माळावर ते एका ओतशाळेत अल्पांशाने तरी खरे झाले.

1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याकरिता निघालेले ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतील एक नामांकित मासिक झाले. लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले, तेव्हा नांगराच्या जोडीला पंप आणि तेलइंजिने यांवरही किर्लोस्करांचे नाव झळकत होते.

त्या घरच्या वडिलांस आमचे नम्र सांगणे आहे की, मुलाला अडवू नये. मात्र त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे. तू करणार ती वस्तू कोणाला हवी आहे? त्या माणसाचे म्हणणे तू ऐकले आहेस काय? आणि पहिले गिऱ्हाईक दोन वर्षे आले नाही, तर घरी चूल कोणाच्या पगारावर पेटेल? तिन्ही उत्तरे ठीक असतील, तर शेवटच्या प्रश्नाचा भार घरातील वडीलधाऱ्यांनी काही काळ उचलावा. रामूअण्णांवाचून लक्ष्मणराव उभे राहिले नसते. आपल्या मुलांना कल्पकतेचा तुटवडा नाही. त्यांना पाठीशी उभा राहणारा एखादा रामूअण्णा मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.