वाबी-साबी : वास्तुकला आणि गृहसजावट

वाबी-साबी : साधेपणा, अपुरेपणा आणि काळाने उमटवलेल्या खुणा यांत सौंदर्य पाहणारी जपानी दृष्टी. तिची मुळे पंधराव्या-सोळाव्या शतकांतील चहापानाच्या विधीत आहेत. वास्तुकलेत ती पहिल्यांदा चहागृहात उतरली आणि तितकी नेमकी ती पुढे क्वचितच कुठे उतरली. आज गृहसजावटीच्या बाजारात हाच शब्द एका ठरावीक ‘लुक’साठी वापरतात, त्याचे मूळ कल्पनेशी नाते लांबचे आहे.

‘वाबी’ हा शब्द ‘वाबु’ या क्रियापदावरून आला. खंगणे, हताश होणे, एकटे पडणे असे त्याचे जुने अर्थ. म्हणजे शब्द मुळात दुःखाचा. चहाच्या परंपरेने त्याला उणेपणातल्या तृप्तीचा अर्थ दिला. ‘साबी’ला एकांताची आणि जुनेपणाची छटा आहे, गंजाला जपानीत जो शब्द आहे त्याचाही उच्चार साबीच. माणसाचा चेहरा उन्हातान्हात रापतो तशी वस्तू रापते; ‘रापणे’ हा मराठीतला त्याला सर्वांत जवळचा शब्द. हायकूकार बाशो (1644–1694) आणि त्याच्या शिष्यांच्या काव्यविचारात साबीला मोठे स्थान होते, तर वाबी हा मुख्यतः चहापानाच्या परंपरेतला शब्द. दोन्ही एका जोडशब्दात बांधण्याची पद्धत आधुनिक काळातली.

पंधराव्या शतकात जपानी सरदारांचे चहापान म्हणजे चीनहून आणलेल्या किमती भांड्यांचे प्रदर्शन असे. मुराता जुको (1423–1502) याने त्यांच्या जोडीला ओबडधोबड देशी भांडी आणली. ताकेनो जोओ (1502–1555) याने ही वाट पुढे नेली आणि साकाई बंदरातल्या व्यापारी घराण्यातला सेन नो रिक्यू (1522–1591) याने तिला घराचे रूप दिले. साकाईचे श्रीमंत व्यापारी भरवस्तीत, घराच्या मागच्या अंगणात झोपडीवजा चहागृह बांधत आणि त्याला ‘शहरातला डोंगरवास’ म्हणत. बाहेर सरदारांच्या लढाया चालू असताना या खोपटात तासभर बसणे, हा त्या काळचा प्रतिष्ठेचा विरंगुळा होता.

रिक्यूच्या नावावर आज एकच चहागृह खात्रीने सांगितले जाते : क्योतो आणि ओसाका यांच्या मधल्या यामाझाकी येथील म्योकीआन मंदिरातले ‘ताइआन’. ते 1582च्या सुमाराचे मानतात. चहाची खोली फक्त दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम साडेतीन चौरस मीटर. आत शिरायला ‘निजिरिगुची’, म्हणजे गुडघ्यांवर सरकत जाण्याचे दार. अशी दारे साधारण 66 सेंटीमीटर उंचीची असतात, ताइआनचे थोडे मोठे आहे. कंबरेची तलवार बाहेर ठेवल्याशिवाय आणि मान खाली घातल्याशिवाय आत जाता येत नाही. भिंती कुडाच्या. बांबूच्या कामट्यांवर मातीचा गिलावा, आणि त्यात मिसळलेल्या पेंढ्याच्या काड्या पृष्ठभागावर तशाच दिसतात. खिडकी म्हणजे भिंतीचा न लिंपलेला तुकडा. कामट्यांची जाळी उघडी राहते आणि तिच्यावर कागद लावून उजेड गाळून घेतला जातो.

खरी करामत कोनाड्यात (तोकोनोमा) आहे. त्याच्या आतल्या कोपऱ्यांतले लाकडी खांब रिक्यूने मातीने लिंपून टाकले आणि कोपरे गोलसर केले. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते हे डोळ्यांना चटकन कळत नाही, म्हणून एवढीशी जागा खोल वाटते. कोनाड्याच्या उंबरठ्याच्या लाकडात तीन गाठी आहेत. नीटनेटक्या कामात सुतार असे लाकूड बाजूला टाकेल. इथे ते दर्शनी जागी बसवले आहे. छतही एकसंध नाही. दोन भाग सपाट आणि एक उतरता, म्हणजे छपराचा उतार आतूनच दिसतो. हे सगळे ‘सहज’ वाटते, पण यातली एकही गोष्ट सहज झालेली नाही.

रिक्यूचा धनी, जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने त्याच काळात सोन्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येईल अशी चहाची खोली करवून घेतली आणि 1586 मध्ये ती राजवाड्यात सम्राटासमोर मांडली. तिच्या रचनेतही रिक्यूचा हात असावा असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे 1591 मध्ये याच हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला आत्मघात करावा लागला; कारणांबद्दल आजही वाद आहे. सोन्याची खोली आणि मातीची खोली एकाच दरबारातून निघाल्या, हे लक्षात घेतल्याशिवाय वाबी समजत नाही. ते गरिबाचे घर नव्हते. ज्याला सोने परवडत होते त्याने माती निवडली होती. कोकणातली कुडाची भिंत आणि शेणाने सारवलेली जमीन पाहून ‘आपल्याकडे हे होतेच की’ असे म्हणण्याचा मोह होतो. सामग्री जवळजवळ तीच आहे, पण कोकणात ती गरज आणि रीत होती, तर ताइआनमध्ये ती भूमिका होती.

या खडबडीतपणामागे दुर्लक्ष नसते, उलट कारागिरी आणि निगा असते. क्योतोच्या जुराकू मातीचा गिलावा प्रसिद्ध आहे. मातीत लोहाचा अंश मिसळला की वर्षे जातील तसे भिंतीवर गंजाचे मऊ कडांचे ठिपके उमलतात. अशा भिंतीला ‘होतारु-काबे’, म्हणजे काजव्यांची भिंत म्हणतात. पुढे दिसणारे हे रंग गवंड्याने थापलेलेच नसतात, ते हवेतल्या दमटपणाने येतात. खांबाचा बुंधा कुजला तर अख्खा खांब न बदलता खालचा भाग कापून नव्या लाकडाचा सांधा बसवतात. जोड लपवत नाहीत. कागदी सरकदाराला भोक पडले तर कागदाचे फूल कापून चिकटवतात. फुटलेले भांडे लाखेने सांधून त्यावर सोन्याची पूड लावण्याची ‘किंत्सुगी’ जगभर गाजली, तिच्या मानाने हे घरगुती सांधे कोणी पाहात नाही. आणि यातले काहीही धुळीने माखलेले चालत नाही. चहागृहाकडे जाणारी पायवाट (रोजी) पाहुणे येण्याआधी झाडून, पाणी शिंपडून ठेवावीच लागते.

सतराव्या शतकात ही भाषा चहागृहातून राहत्या घरांत आली. क्योतोचा कात्सुरा प्रासाद हे तिचे ऐटदार रूप. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट याने 1933 मध्ये तो पाहिला, निक्कोच्या नक्षीदार तोशोगू देवस्थानाला नाके मुरडली आणि कात्सुराला आधुनिक वास्तुकलेच्या पंगतीला नेऊन बसवले. त्यातून ‘जपानी म्हणजे साधे’ असा सरसकट समज बळावला. तो खरा नाही. निक्कोची रंगीत नक्षी जपानीच आहे आणि दर 20 वर्षांनी कोऱ्या लाकडात नव्याने उभे राहणारे इसे येथील देवस्थानही जपानीच. तिथे रापण्याला फारसा वावच मिळत नाही.

इंग्रजी वाचकांपर्यंत चहागृहाचा विचार नेला जपानी लेखक ओकाकुरा काकुझो याने, 1906च्या ‘द बुक ऑफ टी’मधून. हाच ओकाकुरा त्याआधी 1902 मध्ये कोलकात्यात ठाकूर कुटुंबाच्या सहवासात राहिला होता. कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी याने 1933च्या सुमारास लिहिलेल्या ‘सावल्यांची स्तुती’ या अर्थाच्या निबंधात विजेच्या दिव्यांनी घरातला अंधार पळवल्याची तक्रार केली. मात्र ‘वाबी-साबी’ हा जोडशब्द पाश्चात्त्य सजावटकारांच्या तोंडी रुळला तो मुख्यतः लेनर्ड कोरेन या अमेरिकी लेखकाच्या 1994च्या छोट्या पुस्तकानंतर. बेल्जियमचे सजावटकार आक्सेल फेरफोर्ट यांनी त्याला श्रीमंती वळण दिले. किम कार्डेशियन आणि कान्ये वेस्ट या तेव्हाच्या प्रसिद्ध अमेरिकी दांपत्याचे कॅलिफोर्नियातले प्रचंड, जवळजवळ रिकामे घर त्यांच्याच हातचे. हिदेयोशीला ते समजले असते. जपानी वास्तुविशारद ताडाओ आंडो यांच्या गुळगुळीत काँक्रीटलाही हे लेबल लावतात, पण ते ओढूनताणून वाटते. त्यापेक्षा वास्तुविशारद तेरुनोबू फुजिमोरी यांनी 2004 मध्ये चिनो गावी बांधलेले ‘ताकासुगी-आन’ परंपरेच्या जवळचे आहे. झाडाच्या दोन बुंध्यांवर तोललेले हे चहागृह गाठायला शिडी चढावी लागते, आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘फार उंच’.

बाजारात मिळणारे मायक्रोसिमेंटचे ढगाळ थर, मुद्दाम चरे पाडलेली टेबले आणि कारखान्यातच गंजवलेले पत्रे पाहिले तर अडचण लगेच कळते. तिथे काळाची खूण पहिल्याच दिवशी पुरी झालेली असते, भिंतीला पुढे करण्यासारखे काही उरत नाही.

ताइआन आज जपानचा ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे. आधी परवानगी घेऊन ते पाहता येते, पण आत पाऊल ठेवता येत नाही. पाहुणे बाहेरच वाकतात आणि त्या बुटक्या दारातून आतल्या अंधारात डोकावतात.