राज्य गेल्यावर उरलेला धर्म

गोव्यातील ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम काय उभे राहते, हे आम्हांस ठाऊक आहे. पाडलेली देवळे, खाडी ओलांडून रातोरात हलविलेल्या मूर्ती, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीची काही वर्षे सोडता, चाललेले इन्क्विझिशन. ह्यातले काही खोटे नाही. मंगेश आणि शांतादुर्गा आज फोंडे महालात नांदतात त्या ह्याच कारणाने. सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह १५६७ साली वेलिंगला गेला तो ह्याच कारणाने. पण ज्या सांकवाळातून देव गेला, त्याच सांकवाळच्या एका ख्रिस्ती ब्राह्मण घराण्यातला एक पुरुष पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात सिंहलद्वीपात उतरला, आणि पोर्तुगीज राज्याने तलवारीने जे केले होते त्याच्या अगदी उलट रीतीने त्याने तोच धर्म जगून दाखविला. त्या पाद्री जुझे वाझ ह्यांची हकीकत आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वाझांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, आजोळी झाला. घर सांकवाळचे. ह्याच सासष्टीत, रायतूर येथे, १६१६ साली फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते, हे मराठी श्रोत्यांस निराळे सांगावयास नको. म्हणजे वाझांच्या बालपणी ख्रिस्ताची कथा ओवीतून ऐकण्याची सोय त्या मुलखात होती. घरची भाषा कोंकणी. पोर्तुगीज आणि लॅटिन ह्या शिकून घेतलेल्या भाषा. १६७६ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

आता एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. दीक्षा मिळाली म्हणून मान मिळाला असे नव्हे. गोव्यात त्या काळी जे मोठमोठे धर्मसंघ होते, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, त्यांची दारे एतद्देशीयांना जवळजवळ बंद होती. धर्म एक, वेदी एक, मंत्र एक, परंतु पंगत वेगळी! जातिभेदावर व्याख्याने झोडणारे गोरे पाद्री स्वतः कोणता भेद पाळीत होते, हे ह्यावरून दिसते. आमच्याकडच्या सोवळेपणाला हसण्याचा अधिकार त्यांना कितपत पोचत होता, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

वाझ ह्यांनी ह्या अपमानाबद्दल तक्रार केली नाही. त्यांनी दुसरीच एक गोष्ट केली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक करारपत्र लिहून त्यावर सही केली. त्यात त्यांनी स्वतःला मरियामातेचा कायमचा गुलाम म्हणून अर्पण केले. आज हे वाचताना भाविकपणाचा अतिरेक वाटेल. पण त्या दिवसांत गोव्याच्या बाजारात खरोखरीचे गुलाम विकले जात होते, हे ध्यानी घ्या. गुलामाला घर नसते, पैसा नसतो, आपली म्हणून इच्छा नसते. हा पत्राचा अर्थ पुढची चौतीस वर्षे त्यांनी अक्षरशः पाळला.

१६८१ साली त्यांची नेमणूक कानड्यात झाली. तेथे होनावरपासून मुलकीपर्यंतच्या किनाऱ्यावर ते पायी हिंडले. त्या मुलखात पोर्तुगालच्या राजाने नेमलेला अधिकारी खरा की रोमने नेमलेला, असा वाद पेटला होता, आणि गरीब ख्रिस्ती कुळे दोहोंच्या ओढाताणीत सापडली होती. हा वाद फार किचकट आहे, त्यात आम्ही शिरत नाही. वाझ ह्यांनी भांडण वाढू दिले नाही, एवढे पुरे.

ते कानड्यात होते त्याच वेळी त्यांच्या जन्मभूमीवर एक मोठे वादळ आले. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा सासष्टी आणि बारदेशात शिरल्या. विजरई कोंदि द आल्व्होर ह्याची अशी गाळण उडाली की त्याने जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि राज्य वाचविण्याची विनवणी केली. मोगलांची फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघारी फिरावे लागले, आणि गोवे वाचले. पुढे २७ जून १६८४ रोजी ह्याच विजरईने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलू लागावे! संताच्या पायांशी राजदंड ठेवणाऱ्या माणसाला आपल्या प्रजेची जीभ कापून घ्यावीशी वाटली. धर्म जेव्हा राज्याच्या दावणीला बांधला जातो तेव्हा त्याची दशा कशी होते, हे पाहण्यास ह्याहून दूर जावयास नको.

त्याच वर्षी वाझ गोव्यास परतले. जुन्या गोव्याच्या टेकडीवर चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ काही एतद्देशीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. १६८५ साली वाझ त्यांत सामील झाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. इटलीतल्या संत फिलिप नेरीच्या नियमांप्रमाणे चालणारा हा ओरेटरीचा संघ. परकीय संघांनी ज्यांना आत घेतले नाही, त्यांनी स्वतःचे घर बांधले.

तिकडे सिंहलद्वीपात काय चालले होते? पोर्तुगीजांनी तेथे दीडशे वर्षे बस्तान मांडले होते. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना घेतले, आणि पोर्तुगीजांचे पाय तेथून कायमचे निघाले. डच ख्रिस्तीच, परंतु प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिले आणि कोणी पाद्र्यास घरात लपविले तर देहदंड, असा कायदा केला. राजाश्रयाने उभा राहिलेला धर्म राजाबरोबर जायला हवा होता. पुष्कळांचा गेलाही. परंतु हजारो तामिळ आणि सिंहली कुटुंबे घरातल्या घरात प्रार्थना म्हणत राहिली. जवळजवळ तीस वर्षे त्यांच्यात कोणी धर्मगुरू उघडपणे वावरला नव्हता.

ही बातमी वाझ ह्यांना स्वस्थ बसू देईना. ओरेटरीचे प्रमुखपद सोडून १६८६ साली ते निघाले. बरोबर योआंव नावाचा एक तरुण सेवक. झगा उतरविला, पायांतले काढले, कमरेला फाटके गुंडाळले. तुतिकोरिनहून १६८७ साली गलबतात बसले. वादळात गलबत भरकटले, अन्नपाणी संपले, आणि जाफन्यास उतरले ते दोघेही हगवणीने आजारी. रोगी परदेशी भिकारी कोणास घरात नको होते. दोघे रानाच्या कडेला पडून राहिले. तेथे एका बाईने त्यांना पेज आणून दिली, त्यावर ते जगले. त्या बाईचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. करुणेच्या ह्या हकीकतीतली पहिली घटना अशी वाझ ह्यांनी दिलेली नसून त्यांना मिळालेली आहे.

बरे झाल्यावर त्यांनी एक युक्ती केली. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, एवढेच ते पाहात. डचांना ती एका वेड्या भिकाऱ्याची माळ वाटे, कॅथलिकांना ती ओळखीची खूण होती. असे करीत करीत एक घर सापडले, मग दुसरे. रात्री दारे लावून मिस्सा, बाप्तिस्मे, लग्ने. दिवसा पुन्हा भीक. सिल्लालै नावाच्या गावात त्यांनी ठाणे केले. तामिळ भाषा त्यांनी ह्याच काळात आत्मसात केली. त्यांच्या घरी सासष्टीत कोंकणी बोलणे बंद करण्याची तीन वर्षांची मुदत ह्याच सुमारास संपत होती!

१६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात घरांना वेढा घातला. लोक पकडले गेले, काहींना फटक्यांची शिक्षा झाली. पाद्री मात्र हाती लागला नाही. कोणी त्याचे नाव सांगितले नाही, आणि ही त्या लोकांची चिकाटी वाझांच्या चिकाटीहून तसूभरही कमी मानता येणार नाही. त्यांना पाद्र्याप्रमाणे दुसरीकडे निघून जाण्याची सोय नव्हती. त्यांची शेते तेथेच होती.

वाझ तेथून पुत्तलमला गेले. हे बंदर कँडीच्या राजाच्या अमलाखाली होते. १६९२ साली ते कँडीस निघाले. पण राजाच्या दरबारी असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे असे राजाच्या कानी घातले. कँडीत पाऊल ठेवताच वाझ ह्यांना कैद झाली. त्या कैदेत त्यांनी काय करावे? सिंहली शिकले. पहारा सैल होताच आवारातच झोपडीवजा प्रार्थनास्थान उभारले, आणि पोर्तुगीज काळापासून कँडीच्या मुलखात राहिलेले ख्रिस्ती एकेक करून तेथे येऊ लागले.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा निष्ठावान बौद्ध होता. आपल्या देशातील भिक्षुसंघाची खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने १६९७ साली अराकानातून भिक्षू आणविले. अशा राजाने परधर्माच्या पाद्र्याला ठेवून का घेतले? १६९३ च्या अवर्षणाची एक कथा ह्याचे उत्तर म्हणून सांगितली जाते. सर्व उपाय थकल्यावर राजाने पाद्र्याला प्रार्थना करण्यास सांगितले, चौकात वेदी मांडली गेली, आणि पाऊस कोसळला. पावसाचा कार्यकारणभाव आम्ही ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवितो. त्यानंतर वाझ ह्यांना राज्यात हिंडण्याची मोकळीक मिळाली, हे मात्र खरे. आम्हांस ह्यात राजकारणही दिसते. डच हे कँडीचे शत्रू होते, आणि डचांनी छळलेल्यांस आसरा देणे हे राजाच्या पथ्यावर पडणारे होते. तरी केवळ हिशेबाने इतके औदार्य येत नाही. प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांनी हुसकलेल्या कॅथलिक ख्रिस्त्यांना बौद्ध राजाने थारा दिला, ही गोष्ट आशियाच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे.

पण राजाचे मन पुरते जिंकले ते १६९७ च्या देवीच्या साथीने. देवीचे भय आमच्या आजी-पणजींना ठाऊक होते. ज्या घरी देवी आल्या त्या घरावरून माणसे वळसा घालून जात. कँडीत त्याहून वाईट झाले. राजा आणि सरदार राजधानी सोडून गेले. रोग्यांना घरातून काढून रानात टाकण्यात येऊ लागले. वाझ आणि त्यांच्या मदतीस गोव्याहून आलेले त्यांचे आप्त पाद्री जुझे कार्व्हाल्यु हे दोघे त्या रानात शिरले. त्यांनी पानाफांद्यांची छपरे घातली, ओस पडलेल्या घरांत रोगी आणून ठेवले, भीक मागून तांदूळ मिळविले, पेज शिजवून भरविली, फोड धुतले, आणि मेलेल्यांना खड्डे खणून पुरले. हे काम काही आठवड्यांचे नव्हते, साथ महिनोन्महिने चालली. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध आहे हे विचारले गेले नाही. लस त्या वेळी पृथ्वीतलावर कोठेच नव्हती. जेन्नरचा प्रयोग शंभर वर्षे दूर होता. औषध म्हणून द्यावयाला त्यांच्यापाशी पेज, पाणी आणि हात एवढेच होते. देवीच्या रोग्याला ह्या तिन्हींचीच सर्वांत अधिक गरज असते, आणि भीतीमुळे तीच त्याला मिळत नाहीत.

आम्ही वाझ ह्यांना आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावी ठरवू इच्छीत नाही. ते आपल्या काळाचे कॅथलिक होते, प्रॉटेस्टंटांस पाखंडी मानीत, आणि इतरांनी आपल्या धर्मात यावे असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी बाप्तिस्मेही दिले. फरक आहे तो इतकाच की त्यांच्या पाठीशी तोफ नव्हती, वतन नव्हते, इन्क्विझिशन नव्हते. जो कोणी त्यांच्याकडे आला तो राजाच्या भयाने आला असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. उलट डच मुलखात त्यांच्याकडे येण्यानेच भय होते.

गोव्याहून ओरेटरीचे आणखी धर्मगुरू येत राहिले. सगळे एतद्देशीय, बहुतेक कोंकणी बोलणारे. एकाही युरोपियन संघाच्या मदतीवाचून हे काम उभे राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत जुझे वाझ वारले. चोवीस वर्षांत ते गोव्यास एकदाही परतले नाहीत. पुढच्या राजांच्या काळी कँडीचा तो आसरा टिकला नाही, पाद्र्यांना तेथून निघावे लागले. वाझांची कबर कोठे होती तेही आता सापडत नाही. १७४५ साली सेबास्तियांव दु रेगु ह्या ओरेटरीच्याच गोमंतकीय धर्मगुरूने लिहिलेले त्यांचे चरित्र पोर्तुगीजमध्ये छापले गेले. पोपने त्यांना २१ जानेवारी १९९५ रोजी धन्य आणि १४ जानेवारी २०१५ रोजी संत म्हणून घोषित केले. दोन्ही समारंभ कोलंबोस झाले.

त्यांच्या हाताखाली १७०५ साली आलेले पाद्री जाकोम गोंसाल्व्हिश हेही गोव्याचेच. वाझ ह्यांनी त्यांना सिंहलीचा अभ्यास करावयास लावले. ज्या गोव्यात कायद्याने लोकभाषा बंद केली होती, तेथला हा माणूस परक्या लोकांच्या भाषेत इतका मुरला की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया त्यानेच घातला. सिंहलीत आणि तामिळमध्ये त्याने पुष्कळ ग्रंथ लिहिले. ख्रिस्ताच्या यातनांवर त्याने रचलेली शोकगीते श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गावांतून उपवासकाळात आजही म्हटली जातात.