आधी माणूस

बचत गटाच्या बैठकीत आपल्या अडचणी आपण स्वतः मांडतो. पण दिव्यांग मुलाला काय हवं, हे मात्र त्याच्या आईला विचारतो. तो शेजारीच बसलेला असतो.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातही असंच चालायचं. तिथे सेलम शहरात फेअरव्ह्यू नावाची मोठी सरकारी संस्था होती. बौद्धिक दिव्यांग माणसांना घरापासून दूर तिथे ठेवत. त्यांचं सगळं दुसरेच ठरवत. १९७३ मध्ये तिथले काही जण कॅनडात एका संमेलनाला गेले. संमेलन त्यांच्यासारख्यांचंच होतं, पण कारभार तज्ज्ञांच्या हाती. परतल्यावर त्यांनी ठरवलं, आपलं संमेलन आपणच भरवायचं.

जानेवारी १९७४ मध्ये ते बैठकीला बसले. ‘मतिमंद’ हा शिक्का नको, आम्ही आधी माणसं आहोत, या भावनेतून गटाला नाव मिळालं ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे आधी माणूस. मदतनीस होते, पण निर्णय सभासदांचा. ऑक्टोबरच्या संमेलनाला २०० जण येतील असं वाटलं होतं, आले ५६०. पुढे देशोदेशी असे गट निघाले. फेअरव्ह्यू २००० मध्ये बंद झाली.

आपल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर करायचे, हे ग्रामसभेत त्यांनीच सांगायला हवं. चार-पाच जणांची बैठक झाली तरी सुरुवात होते. आपण सोबत जाऊ, कागद वाचून दाखवू. बोलतील मात्र तेच.