सांगाडा आणि स्क्रीन

‘शिल्पं आता कॉम्प्युटरच करतो’ ही तक्रार हल्ली बरीच ऐकू येते. पूर्वी सगळं शिल्पकाराच्या हातानंच व्हायचं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. इतिहास काही वेगळंच सांगतो.

रोदँचा ‘द थिंकर’ आपल्या डोळ्यांसमोर येतो तो भव्य आकारात, 1904 साली पॅरिसमध्ये मांडला गेला तसा. रोदँनं मातीत घडवलेली मूळ आकृती मात्र जेमतेम 70 सेंटिमीटरची. ती मोठी केली आँरी लबोसे या कारागिरानं, पँटोग्राफच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रानं: एक टोक मूळ शिल्पावरून फिरायचं, दुसरं त्याच प्रमाणात मोठा आकार कोरायचं. संगमरवरासाठी पॉइंटिंग मशीन होतंच. प्लॅस्टरच्या शिल्पावर सुईनं एकेका बिंदूची खोली मोजायची आणि दगड तेवढाच आत कोरायचा. आजचा थ्रीडी स्कॅनर हेच करतो, फक्त लाखो बिंदूंवर.

आपल्याकडचं कलाशिक्षणही नकलांवरच उभं राहिलं. मुंबईचं जे. जे. स्कूल 1857 साली सुरू झालं. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग (हो, रुडयार्डचे वडील) तिथे शिल्पकला शिकवायला आले. मुलं ग्रीक शिल्पांच्या प्लॅस्टर प्रतींसमोर बसून शिकत. याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी 1896च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, तीही प्लॅस्टरमध्येच. पुढे जे. जे.मध्येच शिकलेल्या राम सुतारांची सरदार पटेलांची 30 फुटी प्रतिकृती स्कॅन झाली आणि त्यातून 182 मीटरचा पुतळा उभा राहिला.

तेव्हा यंत्र नवं नाही. त्याची जागा बदलली आहे. लबोसेचं यंत्र मातीतलं काम संपल्यावर यायचं. आज झी-ब्रशमध्ये शिकणारा मुलगा सुरुवातच यंत्रात करतो, आणि तिथल्या मातीला वजनच नसतं. उचललेला हात हवेत तसाच राहतो. खऱ्या मातीत आत तारेचा सांगाडा नीट बांधला नसेल, तर तो रात्रीतून खाली येतो, आणि शरीराचा भार कुठून कुठे जातो हे विद्यार्थ्याला तेव्हा कळतं. सिमेट्रीचं बटणही तसंच: अर्धा चेहरा केला की उरलेला आपोआप तयार. असा चेहरा कुणाचाच नसतो.

स्क्रीनचे फायदे मी नाकारत नाही. ओली फडकी नकोत, तडे नाहीत, चूक पुसता येते. पण पहिलं वर्ष मातीतच जावं, असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे ती आकृती थ्रीडी प्रिंटरवर गेली, की लांबवलेल्या हाताखाली सॉफ्टवेअर स्वतःच बारीक टेकू उभे करतं. प्रिंट झाल्यावर ते पकडीनं तोडून टाकतात.