वरळीची भिंत

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. नातू म्हणाला, "आजी, चल, तुला तुझा समुद्र दाखवून आणतो." डोंबिवलीहून निघालो, वरळी सी फेसला गाडीतून उतरलो आणि मी सवयीने भिंतीकडे वळले. भिंत होती. तिच्यावर हात टेकून मी पलीकडे पाहिलं, तर समुद्र नव्हता. भराव होता, त्यावर रस्ता होता, रस्त्यावरून सुसाट गाड्या जात होत्या. समुद्र त्या सगळ्याच्या पलीकडे, एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा उभा.

"कुठे गेला गं तुझा समुद्र?" नातवाने गमतीने विचारलं. मला हसू आलं नाही.

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत साच्यावर होते. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि आम्ही आठ जण, शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी. ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. इमारत तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामाईक. अशा १२१ इमारती एकट्या वरळीत. मग माणसाने मोकळा श्वास घ्यायचा कुठे? पुरुषांना जांबोरी मैदान होतं. बायकांना नळ आणि गॅलरी. आणि सगळ्यांना मिळून सी फेस. वरळी नाक्यावरून वीसेक मिनिटं चाललं की समुद्र. तिकीट नाही, दरवाजा नाही, "काय काम आहे?" असं विचारणारा कुणी नाही.

शाळेत मी मराठीबरोबर इतिहासही शिकवायचे. वरळीचा इतिहास शिकवताना एक गोष्ट मुलांना हमखास सांगायची, ती म्हणजे ही सगळी मुंबई समुद्राला हटवून झालेली आहे. मुंबई आणि वरळी ही वेगवेगळी बेटं. भरतीचं पाणी त्यांच्यामधल्या खिंडारातून आत शिरायचं आणि आजच्या महालक्ष्मी-भायखळ्याकडचा सखल भाग बुडवून टाकायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात ते खिंडार बांध घालून बुजवलं. साधारण १७८४ च्या सुमाराचं हे काम. आज हाजी अलीवरून वरळीकडे जाणारा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावर आहे. बांध पुन:पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थांना देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका. म्हणजे समुद्र हटवायला आपण देवीचीसुद्धा परवानगी काढून ठेवली होती!

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत सरकारने मुंबईसाठी एक विकास खातं उघडलं. बीडीडी चाळ म्हणजे याच खात्याची चाळ. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरलं होतं, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. आणि याच खात्याच्या हाती दुसरं काम होतं बॅकबेची भरणी. त्या कामात एवढा पैसा समुद्रात गेला की लोक त्याला लॉइडचा वेडेपणा म्हणू लागले. वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार उघड केला, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. पुढे समुद्रात आणखी भर टाकून जी जमीन केली, तिलाच लोकांनी त्यांचं नाव दिलं, नरिमन पॉइंट. भरणीच्या कारभाराविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव भरणीवर! पण त्याच फसलेल्या योजनेतून मरीन ड्राइव्ह निघाला, हेही खरं. म्हणजे आमची दहा बाय सोळाची खोली आणि मरीन ड्राइव्ह ही एकाच खात्याची लेकरं. एक लाडकं, एक दोडकं.

तर सी फेस. माझ्या लहानपणी दर रविवारी संध्याकाळी आम्ही भावंडं वडिलांबरोबर जायचो. कागदाच्या पुडीत चणे-शेंगदाणे, कधी पगार झालेला असला तर भेळ. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाट भिंतीवर आपटून रस्त्यापर्यंत यायची आणि भिजलो म्हणून घरी आईची बोलणी खावी लागायची. ओहोटीला भिंतीपलीकडे काळे खडक उघडे पडत. कोळीवाड्यातल्या बायका टोपली घेऊन त्यात उतरत आणि वाकून कालवं काढत. आम्ही वरून बघत असू. त्यांच्याकडे बघणं हाही आमच्या करमणुकीचाच भाग होता. हे वाक्य लिहिताना आज थोडं अवघडल्यासारखं होतं.

चाळीतल्या नव्या जोडप्यांना तर ती भिंत म्हणजे घरच होती. आठ-दहा माणसांच्या खोलीत नवरा-बायको बोलणार कधी? माझं लग्न १९७४ साली झालं. सासरही चाळीतलंच. आमच्या संसाराचे सगळे मोठे निर्णय त्या भिंतीवर बसून झाले. मी नोकरी सोडायची नाही हे तिथे ठरलं, डोंबिवलीला जागा घ्यायची हेही तिथेच. समुद्राकडे तोंड करून बसलं की पाठीमागून जाणाऱ्याला फक्त दोन पाठी दिसतात. तेवढा आडोसा पुरे.

पण ती भिंत माझ्यासाठी खरी वडिलांची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तोपर्यंत वडिलांनी आयुष्यात कधी दिवसा घरात बसून काढला नव्हता. सुरुवातीला सभांना जायचे, मोर्चाला जायचे. वर्ष उलटलं तशा सभा ओसरल्या. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मग ते रोज चार वाजता धुतलेला सदरा घालून बाहेर पडत आणि नऊच्या पुढे परत येत. आईला वाटे, कुठे काम बघायला जातात. एकदा शाळा सुटल्यावर मी सहज सी फेसवरून निघाले, तर हे भिंतीवर बसलेले. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "घरात बसान काय करू? थंय सगळी बघतत. हंय कोण काय इचारीत नाय."

त्यांच्या डाव्या बाजूला एक सुटाबुटातले गृहस्थ बसले होते, मागे त्यांची मोटार उभी होती. उजव्या बाजूला वडील, नोकरी गेलेले. भिंत एकच. १९९१ साली वडील गेले, पण सी फेस म्हटलं की मला तो धुतलेला सदरा आठवतो. बेकार माणसालाही ताठ बसता येईल अशी जागा शहरात असावी लागते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तिथे पाहिलं.

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २००९ च्या जूनअखेर वांद्रे-वरळी सी लिंक खुला झाला. २०१८ मध्ये किनारी रस्त्याचं काम निघालं. २०१९ च्या जुलैत उच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. शंभरहून अधिक हेक्टर समुद्र भरला गेला. मलबार हिलखालून दोन किलोमीटरचे जोडबोगदे झाले. मार्च २०२४ मध्ये पहिला भाग सुरू झाला. सुमारे चौदा हजार कोटींचा हा रस्ता, पण त्यावर स्कूटर-मोटारसायकलीला मनाई आहे. माझ्या चाळीतल्या ज्याच्या ऐपतीची मजल दुचाकीपर्यंत गेली, त्याला या रस्त्याचा उपयोग नाही.

त्या दिवशी हे सगळं मनात घोळवत, रागावूनच, मी नातवामागून भुयारी वाटेने पलीकडे गेले. गुडघ्यांनी तक्रार केली. पण वर आले आणि खरं सांगते, राग थोडा निवळला. १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांना खुली झालेली ही फिरायची जागा मरीन ड्राइव्हच्या पदपथापेक्षाही रुंद आहे. वारा तोच, खारा. सूर्य बुडत होता. एक बाई दोन मुलांना घेऊन खाली चादर अंथरून बसली होती, डब्यातून पोहे खात होते. मी विचारलं, "कुठून आलात?" म्हणाली, "जांबोरी मैदानाजवळून." "कशा?" "चालत." ती मला तिथेच मिठी मारावीशी वाटली! म्हटलं, संपलं नाही तर. भिंत पुढे सरकली एवढंच. चाळी पडताहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना टॉवरमधल्या मोठ्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. काळ बदलला तर किनाराही बदलणारच. नाहीतरी आमची भिंत तरी कुठे ब्रह्मदेवाने बांधली होती?

या समाधानात घरी आले आणि लेख इथेच संपवणार होते. पण रात्री एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. कोळीवाड्यातला मुलगा, आता पन्नाशीचा, अजून बोट आहे त्याची. मी उत्साहाने सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमची बसायची जागा गेली होती, ती तुम्हाला परत मिळाली. आमची खडपं कुठून परत आणायची?"

मग तोच सांगत गेला. क्लीव्हलंड बंदरातून बाहेर पडणाऱ्या बोटींसमोर पुलाचे खांब साठ-साठ मीटरवर येणार होते. लाटेत, वाऱ्यात एवढ्यातून बोट काढणं जिवावरचं. त्यांनी काम अडवलं, झगडले, न्यायालयातही गेले होते. अखेर २०२३ च्या सुरुवातीला एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. "तेवढं मिळवलं आम्ही," तो म्हणाला. "पण खडपांत आई उतरायची ना बाई, कालवं काढायला, ती जागाच भरावाखाली गेली. खांब हलवता येतो. खडप कसं हलवणार?"

त्याची आई म्हणजे मी भिंतीवरून शेंगदाणे खात बघायचे, त्या बायकांपैकीच एक.

वर्गात असताना मी समुद्र हटवल्याची गोष्ट अभिमानाने सांगायचे. बांध झाला, जमीन निघाली, शहर वाढलं. समोरच्या बाकांवर कोळीवाड्यातली पाच-सहा मुलं बसलेली असायची. समुद्र हटला म्हणजे कुणाचं काय हटलं, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. त्यांनीही विचारला नाही, कारण परीक्षेला तो नसायचा. आमच्या वडिलांना बसायला भिंत मिळाली, त्या भिंतीसाठीही कधीतरी कुणाची तरी ओहोटीची वाट अडली असणारच. तेव्हा ते मला दिसलं नाही, कारण मी भिंतीच्या या बाजूला होते.

नव्या जागेचा मला राग नाही. नातवाबरोबर मी पुन्हा जाईन, पोह्यांचा डबाही नेईन. तिथे धुतलेला सदरा घालून कुणी एकटा बसलेला दिसला तर त्याला काही विचारणार नाही. पण विद्यार्थ्याला म्हटलंय, पुढच्या खेपेला आधी तुझ्याकडे येते, तुझ्या बंदरातून समुद्र दाखव. तो म्हणाला, "या बाई. ओहोटीच्या वेळेला या, म्हणजे कळेल."