सोलून काढायचा रंग

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला हमरस्ता वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या जामला फुटतो. एक वाट हिंगणघाटवरून दक्षिणेला जाते, दुसरी वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर गाठते. २०१० च्या फेररचनेत या हमरस्त्याला ४४ हा क्रमांक मिळाला, पण जुन्या माणसांच्या तोंडी तो अजूनही सात नंबरच आहे. चौरस्त्यावर घटकाभर थांबले तरी रंगांवरून वाहने ओळखता येतात. लाल एसटी, काळी-पिवळी जीप, निळ्या पट्ट्याची पांढरी टूरिस्ट गाडी, फुलापानांनी मढवलेला परराज्यातला ट्रक. वाहनाचा रंग म्हणजे त्याची जात, असा आपला शंभर वर्षांचा समज. तो समज हलवणारी एक गोष्ट आता बाजारात आली आहे : अंगावर फवारायचा आणि कंटाळा आला की केळीच्या सालीसारखा सोलून काढायचा रबरी रंग.

हा रंग म्हणजे द्रावकात विरघळवलेले कृत्रिम रबर. गाडी स्वच्छ धुऊन, मेणाचा अंश काढून त्यावर ते फवारतात. पहिला हात मुद्दाम विरळ, मूळ रंग खालून दिसेल इतका. पुढचे हात ओलसर आणि भरघोस. द्रावक उडून जाते आणि मागे लवचीक पापुद्रा उरतो. तो मूळ रंगाला बिलगतो, पण त्यात मिसळत नाही. सगळी गंमत जाडीत आहे. थर जाड असला तर एक टोक धरून अख्खा पत्रा सोलता येतो. पातळ राहिला तर तुकडे पडतात आणि नखाने खरवडत बसावे लागते. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडले तर तो तिथे विरघळतो. उन्हाने वाळला की सोलायला हट्टी होतो, आणि विदर्भातला मे महिना कसा असतो ते सांगायला नको.

मोटारीच्या रंगाचा इतिहास मात्र याच्या उलट दिशेने गेलेला आहे. सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखे ब्रशने वार्निशचे हात देत, आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचे 'ड्युको' हे फवारायचे लॅकर मोटारींवर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडच्या गॅरेजांत 'ड्युको मारणे' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. तेव्हापासून पुढचा सगळा खटाटोप रंग अधिक पक्का कसा बसेल यासाठीच होता.

सुटणाऱ्या थराचा उगम वेगळ्या गरजेत आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेने शेकडो युद्धनौका राखीव म्हणून बांधून ठेवल्या. त्यांच्या तोफांवर प्लॅस्टिकचे कोश फवारले होते; गरज पडताच ते फाडून तोफ मोकळी करायची. पुढे १९७० च्या दशकात हत्यारांच्या मुठी बुडवून काढायचे रबरी द्रावण तिकडे घरोघरी गेले. मोटारीवर ते फवारण्याची हौस त्यानंतरची.

आपल्याकडे काढून टाकायच्या रंगाचे मूळ शोधायला इतके दूर जायला नको. वर्धा जिल्हा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मुलूख. पांढरट अंगाचा हा बैल पोळ्याला सजतो, तेव्हा त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे रंग असतात. शिंगांना ऑइल पेंट, तो महिनोन्महिने टिकतो. अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे ठसे, ते पुढच्या पावसात वाहून जातात. वरून झूल, मठाटी, बेगड. संध्याकाळी सगळे उतरते. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा पांढरा. म्हणून त्याच्या ओळखीचा घोटाळा कधी झाला नाही. बाजारात घेणारा दात मोजतो, खांदा पाहतो. रंग मालकाच्या आनंदाचा, ओळख बैलाची, अशी ही वाटणी होती.

मोटारीच्या बाबतीत ही वाटणी मोडली ती नोंदणीने. आपल्याकडे १९१४ साली देशभराचा पहिला मोटार कायदा झाला, १९३९ मध्ये दुसरा, आणि आज चालतो तो १९८८ चा. नोंदणीच्या पुस्तिकेत नंबर, इंजिन, चासी यांच्याबरोबर रंगाचाही रकाना असतो. रंग बदलला तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. १९८९ च्या नियमांनुसार लष्करी हिरवा रंग तर संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला देता येत नाही. ट्रकच्या पाठीवरच्या मजकुरावरही नजर गेली. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली मनाई झाली. या बंधनांना कारण आहे. अपघात करून पळालेली गाडी साक्षीदाराला आधी रंगानेच आठवते. सोलायचा रंग नेमक्या इथेच अडचण करतो. पुस्तिकेत पांढरी, रस्त्यावर काळी, आणि रात्रीतून पुन्हा पांढरी.

तरीही ही हौस केवळ चोरवाट म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. हा रंग लावणाऱ्याला मूळ रंग मोडायचा नसतो. उलट जपायचा असतो, कारण गाडी विकताना कंपनीचाच रंग भाव देतो. स्वतःच्या आवडीवर पैसे खर्च करताना पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीची धास्ती त्याच्या मनात असते. ट्रकवाल्याला ती नसते. पेंटरने ब्रशने काढलेला मोर आणि मालकाच्या लेकरांची नावे गाडी भंगारात जाईपर्यंत तिच्यावर राहतात, कोपऱ्यात पेंटरच्या सहीसकट. मोटारीवरून सोललेला पापुद्रा कचऱ्यात जातो. त्याची सही नाही, नोंद नाही. वाहनांच्या रंगांचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसले, तर ट्रकचे जुने फाळके सापडतील. मोटारींच्या हौसेचे काहीच सापडणार नाही, म्हणून ती चालू आहे तोवरच टिपून ठेवायला हवी.