बडोद्याची पत : एक मंडळी आणि एक बँक

बडोद्याच्या मराठी घरांत बँकेचा विषय निघाला की तो श्रीमंत सयाजीराव महाराजांपासून सुरू होतो. ते योग्यच आहे. २० जुलै १९०८ रोजी महाराजांच्या पुढाकाराने स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा आज जगभर पसरली आहे. पण वाचकहो, आपल्या शहरातील आधुनिक पतव्यवहाराची कथा त्याच्या एकोणीस वर्षे आधी सुरू होते. ती सुरू करणारी माणसे राजघराण्यातील नव्हती, आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांतील होती.

त्याआधी बडोद्यात पैसा नव्हता असे नाही. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांसारख्या पेढ्यांनी एकोणिसाव्या शतकात दरबारालाही कर्जे दिली. पण ती पेढी दरबारासाठी आणि व्यापाऱ्यासाठी होती. मुलीचे लग्न, मोठे आजारपण, मुलाचे शिक्षण अशा प्रसंगी पगारदार कारकुनाने जायचे कोठे? त्याच्याकडे गहाण ठेवायला जमीन नसे, पेढीवर त्याची ओळख नसे. उरे तो सावकार, आणि त्याचे व्याज सारा पगार खाऊन टाकी.

या अडचणीतून १८८९ साली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. मार्गदर्शक होते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर. भारतातील सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात पहिली ज्ञात संस्था म्हणून हिचेच नाव घेतले जाते. सहकारी पतपेढ्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात आला तो १९०४ साली. म्हणजे आपल्या लोकांनी पंधरा वर्षे आधी, कायद्याची वाट न पाहता, हे काम हाती घेतले होते.

अशा संस्थेचे गणित साधे असते. सभासदांनी थोडी थोडी बचत एकत्र करायची आणि ज्याला गरज पडेल त्याला त्यातून कर्ज द्यायचे. गहाण वस्तूच्या जागी माणसांची परस्परांविषयीची माहिती असते. कोणाचा पगार किती, कोणाचा शब्द खरा, हे आळीतल्या लोकांना ठाऊक असते. जामीन राहणारा शेजारी असतो, त्यामुळे हप्ता चुकवणाऱ्याला तोंड चुकवणे कठीण जाते. ‘अन्योन्य’ या नावातच सारा व्यवहार सांगितला आहे.

ही कल्पना लवकरच मराठी मुलखात सर्वत्र दिसू लागते. १९०६ च्या जानेवारीत पुण्याची कॉसमॉस, फेब्रुवारीत गोकाक अर्बन आणि बेळगाव पायोनिअर, अशा संस्था काही आठवड्यांच्या अंतराने नोंदल्या गेल्या. बेळगावकर वाचकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्याच जानेवारीत मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी बॉम्बे अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी काढली. आणि दोनच वर्षांनी बँक ऑफ बडोदाच्या उभारणीत महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड, अमेरिकन अर्थतज्ज्ञ राल्फ व्हिटनॅक यांच्याबरोबर हीच दोन नावे आढळतात. सहकारी पतपेढी आणि भागभांडवलाची बँक हे तेव्हा दोन परके पंथ नव्हते. तीच माणसे दोन्हीकडे वावरत होती.

बँकेचे काम मात्र निराळे होते. दहा लाख रुपयांच्या भरणा भांडवलावर ती उभी राहिली आणि १९१० मध्ये तिची पहिली शाखा अहमदाबादेस निघाली. गिरण्या, व्यापार, हुंड्या यांना लागणारा पैसा आळीच्या बचतीतून निघणारा नव्हता. त्यासाठी अनोळखी ठेवीदारांचा विश्वास लागतो. त्या विश्वासाची परीक्षा लगेच आली. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली, मागोमाग चांदीच्या सट्ट्यात अडकलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली, आणि पुढील काही वर्षांत देशभर अनेक बँका कोसळल्या. बँक ऑफ बडोदा त्या वादळातून तरली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या धास्तीच्या काळात लोकांनी भागभांडवलाच्या बँकांतून पैसे काढून नागरी सहकारी पेढ्यांत ठेवले. दूरच्या संचालकापेक्षा जवळचा चिटणीस त्यांना भरवशाचा वाटला.

पुढे दोन्ही वाटा फुटल्या. बँकेने १९५३ साली मोंबासा आणि कंपाला येथे शाखा उघडल्या, कारण पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी आधीच स्थिरावले होते. १९ जुलै १९६९ रोजी, एकसष्ट वर्षे पुरी व्हायला एक दिवस उरला असताना, तिचे राष्ट्रीयीकरण झाले. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक तिच्यात विलीन झाल्या.

अन्योन्य मंडळीचीही बँक झाली, तिने शंभरी ओलांडली; पण आज ती उरलेली नाही. १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या. तरीही २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअरबाजाराच्या व्यवहारात बुडाली आणि साऱ्या गुजरातेतील ठेवीदार हादरले. सभासद हजारोंनी वाढतात, एकमेकांना ओळखत नाहीत, वार्षिक सभेला कोणी फिरकत नाही. तेव्हा पहिल्या पिढीने जे तारण मानले होते तेच नाहीसे होते. आता ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. विम्याने पैसे परत मिळतात, शेजाऱ्याचा पहारा परत येत नाही.

म्हणून आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या घरातील जुन्या ट्रंकेत अन्योन्यची पासबुके, भागपत्रे, छापील अहवाल असतील तर ते रद्दीत घालू नका. महाराजांच्या बँकेचा इतिहास सांभाळायला मोठी कचेरी आहे. कारकुनांच्या मंडळीचा इतिहास सांभाळायला त्यांच्या नातवंडांखेरीज कोणी नाही. आणि ज्या सहकारी बँकेचे आपण आज सभासद आहात, तिच्या पुढच्या वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागा, प्रश्न विचारा.